एकदाच उकळलेला चोथा

ऑक्टोबरचं ऊन पुठ्ठ्याला चांगलं आणि माणसाला वाईट. पावसाळाभर शेडमध्ये दोरीवर लोंबून आंबट वास मारणारे ओले ताव या दिवसांत अंगणात पसरले की दुपारपर्यंत कडक होतात, उलटताना पापडासारखे वाजतात. माझ्या धंद्यातला कोणीही सांगेल, वर्षातला हा सगळ्यात हक्काचा महिना. मला मात्र तो नकोसा वाटतो.

काल सकाळी चोथ्याचा टेम्पो आला. खाडीपलीकडच्या बियरच्या कारखान्यात जव भिजवून, शिजवून त्याचा रस काढून घेतात. मागे उरतो तो हा ओला, पिवळट चोथा. तबेलेवाले तो म्हशींसाठी नेतात, मी पुठ्ठ्यासाठी. टेम्पोची फळी पडली, ढीग खाली सरकला आणि वाफ वर आली. पहिल्या दिवशी या वाफेला तव्यावरच्या भाकरीचा वास असतो. दुसऱ्या दिवशी ताकाचा. तिसऱ्या दिवशी नाक धरावं लागतं. काल तो भाकरीचा वास आला आणि मी ढिगापासून चार पावलं मागे सरलो. कामावरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. शेट स्वतःच्याच मालाला भितोय, असं त्यांना वाटलं असेल. बरोबरच होतं त्यांचं.

मी पडघ्याजवळच्या गावचा. भिवंडीत आलो तेव्हा खांद्यावर एक पोतं होतं आणि त्यात लूमवाल्यांनी फेकलेले सुताचे कोन, फाटके पुठ्ठे, चिंध्या भरायचो. कोणाचा हात डोक्यावर नव्हता. ऐंशीनंतर तीन-चार वर्षांत नारपोलीच्या कडेला पत्र्याची शेड टाकली, एक जुना बीटर आणला, आणि रद्दीचा लगदा करून पुठ्ठा घालू लागलो. इथं कापडाच्या गाठी बांधतात त्यांच्या खाली-वर पुठ्ठा लागतो. पण रद्दी महागली, भाताचा पेंढाही मिळेना. तेव्हा चोथा सापडला.

ही अक्कल माझी, असं मी सगळीकडे सांगतो. खरं तर ती माझ्या बायकोची, हिराची. आमच्यामागच्या तबेल्यातून ती शेणी आणायची. एकदा चुलीपुढं बसून एक शेणी मोडायला लागली तर मोडेना. माझ्याकडे फेकून म्हणाली, “ही शेणी तुटत न्हाय. म्हशी काय खात्यात बघून या.” बघून आलो. म्हशी चोथा खात होत्या, आणि जवाची टरफलं शेणात तशीच्या तशी उतरून एकमेकांत गुंतून बसत होती. जे शेणाला धरतं ते लगद्याला का नाही धरणार? चार टोपल्या रद्दीला एक टोपली चोथा घातला. पुठ्ठा जाड आला, ताठ आला, आणि त्यावर सोनेरी ठिपके आले. लोक विचारायचे, हे काय चमकतंय? मी म्हणायचो, माझं नशीब.

पण चोथा नुसता घालून चालत नाही. त्यात गोडी राहिलेली असते. ती गोडी माणसाला दिसत नाही. झुरळाला, किड्याला, उंदराला बरोबर कळते. म्हणून चुन्याच्या पाण्यात तीनदा उकळायचा आणि तिन्ही वेळा पाणी टाकून द्यायचं. झाला की नाही हे बघायला आमच्याकडे कसलं यंत्र नाही. हिरा चिमूटभर चोथा नितळ पाण्यात धुऊन जिभेवर ठेवते. गोड लागला तर मान हलवते, चूल पुन्हा पेटते. काहीच लागलं नाही तर थुंकून ‘घ्या’ म्हणते. माझ्या कारखान्याची सगळी परीक्षा त्या एका जिभेवर.

आणि त्या वर्षी ती जीभ म्हणाली होती, “अजून गोड हाय.”

गणपती गेले होते. दिवाळीआधीच्या गाठी बांधायची घाई सुरू झाली होती आणि इब्राहिमशेटना पुठ्ठा हवा होता. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. चोथा कढईत एकदा उकळून तसाच पडला होता आणि आंबायला लागला होता. हिरानं चव घेतली, मान हलवली. मी तिच्या अंगावर ओरडलो. म्हणालो, पुठ्ठा काय कोणी ताटात वाढून घेणार आहे? बीटर चालू करायला लावला. ती पदराला हात पुसून आत गेली.

इब्राहिमशेट म्हणजे भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. त्यांचे आजे-पणजे खाडीत गलबतं हाकायचे. शेटनी लूम टाकले, कापडाचं गोडाऊन बांधलं. मी पोतं घेऊन हिंडायचो तेव्हा मला ओट्यावर बसवून पाणी देणारा तो एकच माणूस. आमचा सौदा कधी तोंडानं व्हायचा नाही. मी म्हसा गावच्या जत्रेत लहानपणी गुरांचे दलाल बघितलेले. ते रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात आणि भाव ठरवतात, बाजूच्याला पत्ता लागत नाही. पहिल्याच सौद्याला मी गमतीनं रुमाल पसरला. शेट हसले. म्हणाले, “बाळाराम, तू पुठ्ठा विकतोस का रेडा?” पण हात आत घातला. तेव्हापासून तीच रीत पडली. त्यांचा हात जाड, गरम. मी एक बोट जास्त दाबलं की ते नखानं टोचायचे. वरून दोघंही हवापाण्याचं बोलत असायचो. माझा स्वभाव तापट, तोंडानं सौदा केला तर माझी तीन वाक्यांत भांडणं होतात. त्या रुमालाखाली माझं कधी कोणाशी भांडण झालं नाही.

तर तो गोड पुठ्ठा त्यांच्या गोडाऊनमध्ये गेला. आणि आठवडाभरात सुरतेच्या प्लेगची बातमी आली.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगून समजणार नाही. रोग जुना, आजोबांच्या गोष्टीतला. गाव सोडून लोक रानात झोपड्या बांधून राहिले होते, त्या गोष्टीतला. तो पुन्हा आला म्हणे, आणि तोही सुरतेत, जिथं आमच्या प्रत्येक लूमवाल्याचा कोणी ना कोणी कारागीर, भाऊ, मेव्हणा होता. ट्रकच्या टपावर बसून लोक यायला लागले. ज्या घरी यायचे त्या घरातली माणसं शेजारचे मोजू लागले. औषधांच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. गटारांच्या कडेनं पांढऱ्या पावडरच्या रेघा पडल्या. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. ओळखीची माणसं नुसत्या डोळ्यांवरून ओळखायची, आणि प्रत्येकाचे डोळे एकाच जागी, जमिनीवर, भिंतीच्या कडेला. उंदीर दिसतोय का. दिसला तर धावतोय का, की झिंगतोय.

भीतीचा आवाज कसा असतो हे मला तेव्हा कळलं. तो आवाज नसतो. नारपोलीत चोवीस तास खटखट चालू असते, आम्हाला ती ऐकूही येत नाही. कारागीर गावाकडे पळाले, एकेक शेड बंद पडत गेली, आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मला माझ्याच बीटरमधलं पाणी पडताना ऐकू येतंय. पत्र्यावर कावळा चालला तरी दचकायचो. चोथ्याचा ढीग अंगणात वाफाळत असायचा. त्यात हात घातला तर आत चटका बसतो, जिवंत जनावराच्या पोटासारखा. मी काठी खुपसून बघायचो. आत काही हललं की काठी टाकून पळायचो, आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून चिडायचो.

इब्राहिमशेटच्या गोडाऊनमध्ये जमील नावाचा एक कारागीर राहायचा. तिशीतला, शिडशिडीत, महिन्याभरापूर्वी सुरतेहून आलेला. खोली मिळेपर्यंत शेटनी त्याला गोडाऊनमध्ये झोपायची परवानगी दिली होती, आणि तो माझ्याच पुठ्ठ्यांच्या थप्पीवर अंथरूण टाकायचा. त्या खेपेचा उरलेला माल उतरवायला मी गेलो तेव्हा तो हसून म्हणाला होता, “सेठ, गद्दे से अच्छा है. इसमें से रोटी की खुशबू आती है.”

ते वाक्य ऐकून मी हसलो होतो. पुठ्ठ्याला भाकरीचा वास येत होता म्हणजे गोडी त्यात जशीच्या तशी होती. एका भुकेल्या माणसानं ती ओळखली. उंदरांना किती वेळ लागणार?

त्या आठवड्यातच शेटचा निरोप आला, ताबडतोब ये. गेलो. गोडाऊनच्या दाराशी दहा-बारा माणसं, तोंडाला रुमाल, आत कोणी जात नव्हतं. पुठ्ठ्यांच्या कडा कुरतडून त्यांचा भुगा झाला होता. थप्पीच्या मागे तीन मेलेले उंदीर. आणि जमील भिंतीला टेकून बसलेला, अंगात ताप, दात वाजत होते.

इब्राहिमशेट म्हणाले, “बाळाराम, खरं सांग. या पुठ्ठ्यात काय राहिलंय?”

शांतपणे विचारलं होतं. ‘शेट, एकदाच उकळलाय’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण बारा माणसं माझ्याकडे बघत होती. मला माझी शेड दिसली, पेटवलेली. पोतं दिसलं, पुन्हा खांद्यावर. भीती वाटली की मला राग येतो. लहानपणापासूनची खोड आहे. मी ओरडलो, “तीनदा उकळलेला माल आहे माझा. उंदीर माझ्या पुठ्ठ्याला नाही आले. सुरतेच्या गठरीतून आलेत.”

सगळी डोकी एकदम जमीलकडे वळली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं उशाची गठरी ओढली, सगळ्यांसमोर सोडली. दोन लुंग्या, एक डबा, आणि कागदात गुंडाळलेला लहान मुलीचा फ्रॉक. “देख लो सेठ,” म्हणाला. “कपड़ा है.” बघायला कोणी पुढे झालं नाही. कोणीतरी लांबूनच काठीनं फ्रॉक परत गठरीत ढकलला. शेट काहीतरी म्हणत होते, कोणी ऐकत नव्हतं. जमील उठला, गठरी बांधली आणि भिंतीला धरत धरत नाक्याकडे गेला. त्याला हात कोणी लावला नाही. लावायची गरजच नव्हती, सगळे फक्त मागे मागे सरत होते आणि त्याला वाट होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिराला गावी पोचवायला टेम्पोनं निघालो. पडघ्याच्या नाक्यावर ट्रक थांबतात तिथं, चिंचेखाली, डोक्यावरून चादर घेऊन एक माणूस बसला होता. गठरी ओळखीची होती. ड्रायव्हरनं वेग कमी केला. मी म्हणालो, पुढं चल.

हिरा बराच वेळ बाहेर बघत होती. गावचा फाटा आला तेव्हा खाली उतरून म्हणाली, “गोड होता तो चोथा. तुमाला म्हाईत हाय.” त्यानंतर आजतागायत तिनं तो विषय काढलेला नाही. काढला असता तर भांडता आलं असतं.

तिला सोडून परत आलो तो सरळ इब्राहिमशेटकडे. कशासाठी गेलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक, सगळं पूर्वीसारखंच आहे असं कोणीतरी सांगावं म्हणून. शेट दारात एकटे उभे होते. मी खिशातला रुमाल काढला, हातावर पसरला, म्हणालो, नवीन माल देतो, भाव बोला. ते तीन पावलं मागे सरले. दोन्ही हात पाठीमागे नेले.

“आज हात नको, बाळाराम.”

त्याच संध्याकाळी माझा सगळा पुठ्ठा गोडाऊनमधून काढून रस्त्यावर टाकला आणि रॉकेल ओतून पेटवला गेला. मी नाक्यावर उभा राहून पाहिलं. भाजलेल्या भाकरीचा वास अख्ख्या गल्लीत पसरला होता. दोन कुत्री शेपटी हलवत आगीभोवती फिरत होती.

मग जशी आली तशी ती भीती ओसरली. लूम पुन्हा सुरू झाले. तोंडावरचे रुमाल खिशात गेले. दिवाळीनंतर इब्राहिमशेट माझ्या अंगणात आले, वाळत घातलेल्या पुठ्ठ्यांमधून वाट काढत. त्यांनी सांगितलं ते असं. जमील गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः त्याला शोधत निघाले, पडघ्याच्या चिंचेखाली तो त्यांना सापडला. रिक्षावाले घेईनात, म्हणून त्यांनी त्याला स्वतः उचलून गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. रिपोर्ट येईपर्यंत कोणाला शिवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रुमाल घेऊन गेलो तेव्हा ते नुकतेच तिथून आले होते. “तुझ्या घरी बायको,” शेट म्हणाले. “हात कसा देणार?” जमीलला निघाला तो मलेरिया. आणि उंदीर मेले होते ते बाजूच्या गोडाऊनवाल्यानं टाकलेल्या औषधानं.

म्हणजे सगळेच सुटले. मी सोडून.

कोणत्याही शहाण्या माणसानं त्या वेळी शेटचे पाय धरले असते. मी म्हणालो, “हे तेव्हाच सांगायचं होतं. चार लोकांत माझा माल जाळलात.” ते आले तसे पुठ्ठ्यांमधून वाट काढत परत गेले. त्यानंतर पाच वर्षं आमचा सौदा तोंडानं झाला, कोरडा, दोन वाक्यांचा. आणि पाच वर्षं मी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, दिसेल त्याला ती गोष्ट सांगत आलो, की ज्या माणसाला मी बाप मानला त्यानं वाईट दिवसांत मला हात दिला नाही. लोक हळहळतात. सांगताना मलाही ते खरं वाटतं. हा राग मी फार जपला. जनावराला चारा घालावा तसा रोज थोडा थोडा घातला. कारण तो मेला असता तर त्याच्या जागी काय येऊन बसलं असतं हे मला माहीत होतं.

जमील परत आला. आता तो मागच्या गल्लीतल्या शेडवर आहे, बायकामुलांना आणलंय. रात्रपाळी करून सकाळी आठला सुटतो. त्यामुळे आठ वाजता मी त्या गल्लीनं कधी जात नाही. रद्दीच्या बाजाराला लांबून वळसा घालून जातो. कामावरची माणसं म्हणतात, शेटला चालायची हौस आहे. एकदा मात्र तो समोर आलाच. हसून सलाम केला आणि विचारलं, पुठ्ठा कसा आहे. मी घाम पुसत राहिलो.

काल चोथा उतरत होता तेव्हाच इब्राहिमशेट आले. आता काठी लागते त्यांना. गाठींना पुठ्ठा हवा होता. मी नेहमीसारखा तोंडानं भाव सांगणार, तेवढ्यात त्यांनी काठी भिंतीला लावली, स्वतःच्या खिशातून रुमाल काढला, स्वतःच्या हातावर पसरला आणि हात पुढे केला.

माझा हात उठेना. मला वाटलं, आत गेला तर माझी बोटंच बोलून टाकतील. मागे चोथ्यातून वाफ येत होती, भाकरीचा वास येत होता, आणि कढईपाशी हिरा हातातलं काम थांबवून उभी होती.

मी म्हणालो, “शेट, त्या खेपेला चोथा मी एकदाच उकळला होता. हिरा नको म्हणत होती. जमीलवर ढकललं ते मी जाणूनबुजून. आणि पडघ्याला तो मला दिसला होता.”

शेटचा हात रुमालाखाली तसाच राहिला. त्यांनी विचारलं, “जमीलला सांगितलंस?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली, काठी घेतली. “मग भाव नंतर,” म्हणाले, आणि गेले.

आज सकाळी आठला मी मागच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. उंदरांच्या त्या दिवसांतही मी इतका घाबरलो नव्हतो. पाळी सुटली. माणसं बाहेर आली, डोक्यावर, भुवयांवर सुताचा पांढरा कापूस. जमील शेवटी आला. मला पाहून थांबला, तोंडभर हसला, “अरे सेठ, इधर कैसे?” म्हणाला आणि हात पुढे केला.

मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेले.

“जमीलभाई,” मी म्हणालो, “हाथ बाद में. पहले सुन लो.”